एकाच हातची कार्डं

माझ्या स्वभावात एवढा संशय कुठून आला असं कोणी विचारलं, की मी सरळ आप्पांकडं बोट दाखवते. आप्पा म्हणजे माझे वडील. लातुरात आमचं घरचं वर्तमानपत्र होतं, चार पानांचं. मालक तेच, संपादक तेच, आणि गडी आला नाही तर एसटीच्या टपावर टाकायचे गठ्ठे बांधणारेही तेच. पुढं घर, मागं छापखाना. आमच्या वरणालासुद्धा शाईचा वास यायचा. माझे चुलते भुसारात आणि तेलबियांच्या अडतीत बसले. आप्पा तेवढे तरुणपणी नांदेडला एका छापखान्यात राहिले आणि येताना शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, दोन पेट्या घेऊन आले. चुलते चिडवायचे, "आमच्या ह्यानं तराजू सोडून शिसं धरलं!"

आप्पांच्या हातात बातमीचा कागद पडला की ते आधी तो उलटा करून बघायचे. मागं कोणत्या दुकानाचं नाव छापलंय, कोणाच्या घरचा कागद आहे, ते बघून घ्यायचे. मग विचारायचे, "हे छापलं तर उद्या कोण खूश होणार हाय?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बातमी पुढं सरकायची नाही. हे मी परकर-पोलक्यात असल्यापासून ऐकलेलं. शाळेत मैत्रिणीनं पेरू दिला तरी मी तो फिरवून बघायचे. हसू नका, खरं सांगतेय.

बी.ए. झाले आणि घरी बसले. स्थळं येत होती, जात होती. त्यातल्या दोघांवर मी संशय घेतला आणि दोन्ही वेळा बरोबर निघाले, त्यामुळं तर डोकं जास्तच चढलं. रिकामं बसण्यापेक्षा म्हणून आप्पांनी हातात तांबडी पेन्सिल दिली आणि प्रूफं वाचायला बसवलं. त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. तोवर प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादच्या चकरा असायच्या. आता आमचंच गाव जिल्ह्याचं! कचेऱ्यांना जागा नव्हती. एक ऑफिस कापडदुकानाच्या माडीवर, एक कोणाच्या तरी रिकाम्या गोदामात, पाट्यांचा रंग ओला. लोक उगाच जाऊन पाट्या वाचून यायचे. आप्पांनी आठवड्याचा पेपर रोजचा केला. ते एकटेच नव्हते म्हणा. पेपर कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले, कारण जिल्हा आला म्हणजे सरकारी जाहिराती आल्या.

आणि जिल्ह्याच्या मागोमाग दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही गेला. बाजारात देवणीची जनावरं अशी यायची, की बरगड्या लांबून मोजाव्यात. गावोगाव टँकर सुरू झाले. तेव्हा आप्पांनी पहिल्या पानावर एक चौकट सुरू केली, 'आजचं पाणी'. आज कोणत्या गावाला टँकर, किती खेपा, कुठल्या विहिरीत. पेपर पोचला की लोक बाकी काही वाचायचे नाहीत, आधी चौकट. चाकूरच्या स्टँडवर, उदगीरच्या हॉटेलांत, फाट्याफाट्यावरच्या पानपट्टीत माणसं चौकटीवर बोट ठेवून आपलं गाव शोधायची. मला त्याचा केवढा गर्व! कारण चौकट माझ्या ताब्यात होती.

कापडदुकानाच्या माडीवरच्या कचेरीत टंचाईचं काम बघणारं टेबल होतं, तिथून टाइप केलेली यादी यायची, ती मी मामांना वाचून दाखवायची. मामा म्हणजे आमचे खिळे जुळवणारे. नात्यानं मामा नव्हते, सगळा छापखाना त्यांना मामा म्हणायचा. औशाकडच्या एका वस्तीवरचे, बौद्ध. शाळा चौथीपर्यंत, पण शिशाची उलटी अक्षरं माझ्या सुलट्यापेक्षा वेगानं वाचायचे. आमच्याकडं खिळे मोजकेच. रोज तीच गावं परत जुळवायला ना खिळे पुरायचे ना वेळ. म्हणून मामांनी प्रत्येक गावाची ओळ एकदाच जुळवली आणि सुतळीनं बांधून फळीवर उभी करून ठेवली. रोज फक्त खेपांचा आकडा बदलायचा. एखाद्या गावाचा टँकर बंद झाला, तर ओळ फळीवरून काढायची. नाही काढली, तर ती रोज आपोआप छापली जायची. आमची पद्धतच ती.

सुरुवातीला ओळ काढायला वाचकाचं साधं पोस्टकार्ड पुरायचं. आमच्या गावाला चार दिवस टँकर नाही, असं कोणी लिहिलं की आम्ही ओळ काढायचो आणि तशी बातमीही टाकायचो. मग एकदा फसलो. देवणी भागातल्या एका गावाहून कार्ड आलं, आठ दिवस पाण्याचा थेंब नाही. आम्ही ठोकून बातमी छापली. दुसऱ्या दिवशी त्या गावचे पाच-सहा जण तावातावानं दारात! टँकर रोज येत होता. कार्ड लिहिलं होतं निवडणुकीत पडलेल्या एकानं, सरपंचाचं नाक कापायला. आप्पांना सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. त्या दिवशी मी नियम केला. सरपंचाचा शिक्का असल्याशिवाय कोणाचंही कार्ड खरं धरायचं नाही, फळीवरची ओळ हलवायची नाही. आप्पा म्हणाले, "कर बाई तुझ्या मनासारखं." कोणी एका शब्दानं अडवलं नाही. मला तर वाटलं, आता आपला पेपर पक्का झाला.

मग ती कार्डं यायला लागली. चाकूरच्या अलीकडचं एक गाव आणि त्याला लागून एक वस्ती. आमच्या चौकटीत ओळ होती: गाव व वस्ती, रोज दोन खेपा. कार्डात लिहिलेलं, टँकर गावातल्या विहिरीत खाली होतो, वस्तीवर येतच नाही, आमच्या बायका ओढ्यात खणलेल्या झिऱ्यावर रात्रंदिवस बसून आहेत. खाली एका माणसाचं नाव. शिक्का नाही. मी बाजूला ठेवलं. चार दिवसांनी दुसरं कार्ड, नाव वेगळं. मग तिसरं, मग चौथं. पाचवं हातात घेतलं आणि माझे कान टवकारले. ह्यातला 'ल' आणि त्यातला 'ल' एकच! वेलांटी तशीच डावीकडं कललेली, ओळीच्या शेवटी अक्षरं तशीच बारीक होत गेलेली, शाई तीच फिकी निळी. पाच नावं, पण हात एक.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला एवढा आनंद झाला, की आजही त्याची लाज वाटते. पकडलं, म्हणलं! देवणीचाच प्रकार. एक कोणी तरी उपद्व्यापी बसलाय आणि दुसऱ्यांच्या नावानं कार्डं खरडून राहिलाय. मी तांबडी पेन्सिल घेतली आणि प्रूफात चुका दाखवाव्या तशी एकेका कार्डावर सारखी अक्षरं गोल करून ठेवली. वर कोपऱ्यात लिहिलं, 'बनावट'. पुढची कार्डं आली तशी तीही गोल केली. अकरा झाली. मी ती घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, दळण निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतकी हुशारी घेऊन तू कुणाच्या घरी नांदणार हाईस गं?"

मामांनाही दाखवली. त्यांनी कार्डं हातात घेतली, एकेक वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग हळूच म्हणाले, "ताई, वस्तीवर समद्यांला कुठं लिव्हता येतं? एखादाच लिहिणारा असतोय, बाकीचे सांगतेत. आमच्याकडं मीच लिव्हायचो समद्यांची."

आता ह्यावर गप्प बसायला हवं होतं की नाही? पण माझी जीभ! मी म्हणलं, "मामा, तुमचे पाहुणे आहेत का तिथं?"

छापखान्यात मशीन बंद होतं, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. मामांनी कार्डं नीट जुळवून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "पाहुणे माझे समदीकडं हायत, ताई. पण खिळे मी तुमी दिलेल्या कापीपरमाणंच लावतो." आणि पेटीकडं तोंड करून उभे राहिले. त्या दिवशीही त्यांनी वस्तीची ओळ लावली, दोन खेपा. मी प्रूफ वाचलं, एकही चूक नव्हती. पुढं महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि मला त्यातही वास आला. बघा, म्हणलं, दुखलं म्हणजे काही तरी आहेच.

मग कार्डं बंद झाली. आठवडा गेला, दुसरा गेला, काही नाही. मी मनात म्हणलं, दाद मिळाली नाही म्हणून गडी थंडावला. खरी तहान असती तर लिहिणं थांबलं असतं का? केवढा माझा तर्क!

यादी आणायला मी अधूनमधून स्वतः टंचाईच्या टेबलावर जायची. एकदा गेले तर तिथला कारकून कात्रणं चिकटवत बसलेला. आमच्याच पेपरची चौकट, रोजची, तारीखवार. मला बरंच वाटलं, जवळ जाऊन बघायला लागले. एका अर्जाला त्यानं आठ-दहा कात्रणं जोडली आणि खाली शेरा मारला की टँकर नियमित आहे, तक्रारीत तथ्य नाही. अर्ज त्याच वस्तीचा. हात तोच, वेलांटी डावीकडं कललेली. मी म्हणलं, "हे कशावरून ठरवलं?"

तो म्हणाला, "कशावरून म्हंजे? तुमच्याच पेपरात छापून येऊन राहिलं की ओ ताई, रोज! तुमच्यावर इश्वास न ठेवून कसं भागंल?"

"पण आम्ही तुमच्या यादीवरून छापतो!"

"आन यादी सरपंचाच्या दाखल्यावरून," तो म्हणाला आणि डिंकाची बाटली बंद केली. मनानं वाईट नव्हता तो. चहा घेता का म्हणूनही विचारलं.

मी माडीवरून उतरता उतरता मनाशी जुळवत गेले. दाखला सरपंचाचा, त्यावरून यादी, यादीवरून आमची चौकट, आणि चौकटीवरून अर्ज फेटाळलेला. प्रत्यक्ष टँकर ह्यातल्या कोणी बघितला होता? कोणीच नाही! साऱ्या जगावर संशय घेणारी मी, रोज सकाळी टाइप केलेला कागद हातात आला की तो कधी उलटा करून बघितला नव्हता. मात्र अजूनही त्या लिहिणाऱ्यावरचा माझा संशय गेला नव्हता. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले, तेव्हा पिशवीत ती अकरा कार्डं होती. त्याला गाठायचं, समोर बसवून चार ओळी लिहायला लावायचं आणि अक्षर ताडून बघायचं, असा बेत होता.

फाट्यावर उतरून मैलभर चालत गेले. गावात शिरताना विहीर लागली. टँकर तिथंच उभा होता, बायका-माणसांची ही झुंबड. मी तासभर झाडाखाली उभी राहिले. टँकर तिथंच रिकामा झाला आणि वळून निघून गेला. वस्तीकडं जाणाऱ्या वाटेवर फुफाटा होता. त्यात टायरचा एकही माग नव्हता. बैलगाडीचा नाही, सायकलीचा नाही, टँकरचा तर सोडाच.

वस्तीवर पंचवीस-तीस घरं असतील. निळा झेंडा, एक लिंब, आणि दारांना कुलपं. काही दारांना कुलूपही नव्हतं, नुसत्या काट्या लावलेल्या. मला वाटलं लोक कामावर गेले असतील. एका ओसरीत एक म्हातारी बसलेली, तिला विचारलं. ती म्हणाली, "कामाव न्हाई माय, गेले ते. पाण्यापायी गेले. कोन लातूरला, कोन नांदेडला. आम्ही चार म्हाताऱ्या राह्यलो, आमाला चालवत न्हाई."

"इथून पेपरला कार्डं कोण लिहायचं?" मी विचारलं. माझा आवाज अजून फौजदारासारखा.

"माझी सून," म्हातारी म्हणाली, आणि तिच्या तोंडावर अशी काही टवटवी आली, की मी बघतच राहिले. "सातवी शिकलीय. साऱ्या वस्तीत लिव्हून देणारी तेवढीच. दिवसभर झिऱ्यावर बसायची आन सांजच्याला समदे तिच्याभवती. मंग एकेकाचं नाव घालून लिव्हायची. एकाच्या नावानं किती धाडावी, म्हनून समद्यांच्या नावानं. ती बी गेली आता लातूरला, डाळमिलमदी हाय."

मी तिथंच ओसरीच्या कडेला बसले. अकरा माणसांची अकरा तोंडं आणि लिहायला हात एक. हे मामांनी मला सांगितलं होतं, सरळ शब्दांत, आणि मी त्यांना काय विचारलं? मला त्या वेळी स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. म्हातारीनं माझा चेहरा बघून आत जाऊन अर्धा गलास पाणी आणलं. अर्धाच. गढूळ, पण फडक्यातून गाळलेलं. नको म्हणावं तर तिला वेगळंच वाटेल, घ्यावं तर तिच्या वाटणीचं. मी प्याले. दोन घोटांत संपलं.

मग तिनं विचारलं, "माय, तुला लिव्हता येतं का? पोराला एक कार्ड लिव्हून दे की. सून गेल्यापसून लिव्हाय कोनी न्हाई." मी पिशवीतून पेन काढलं. तिनं कोनाड्यातून कोरी कार्डं आणली. माझं लिहिणं चाललेलं बघून बाकीच्या तिघी काठी टेकत आल्या. तिघींचीही लिहून दिली, प्रत्येकीच्या तोंडच्या शब्दांत, प्रत्येकीच्या नावानं. चारही कार्डं एकाच हातची, एकाच शाईची.

घरी आले ती तडक आप्पांपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं, मामांना काय बोलले तेसुद्धा. आप्पा म्हणाले, "आण ती कार्डं." त्यांनी अकराच्या अकरा उभ्यानं वाचली. माझे तांबडे गोल बघितले, कोपऱ्यातला 'बनावट' बघितला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अगं, ज्याच्या हातात शिक्का त्याच्यावर संशय घ्यायचा, का ज्याच्या हातात काहीच न्हाई त्याच्यावर? मी तुला हे शिकवलं व्हय?" मग स्वतःलाच म्हणाले, "शिकवलंच असंल. नियमाला मीच हो म्हणलो."

मी छापखान्यात गेले. मामा पेटीपुढं उभे होते. सगळ्यांच्या देखत बोलले होते, तर सगळ्यांच्या देखतच म्हणायला हवं होतं. "मामा, चुकलं माझं. तुम्ही खरं सांगितलं होतं आणि मी घाण बोलले." मामांनी हातातले खिळे पेटीच्या कडेला ठेवले. "व्हय, लागलं होतं मला," ते म्हणाले. "लई लागलं होतं." एवढंच. मला माफ केल्यासारखं काही ते बोलले नाहीत आणि का बोलावं? मग त्यांनी फळीवरून वस्तीची ओळ उचलली, सुतळी सोडली आणि एकेक खिळा पेटीत आपापल्या घरात परत टाकला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीच्या जागी बातमी होती. वस्तीवर टँकर गेलेला नाही, आम्ही इतके दिवस तो जातो असं छापलं, ते खोटं होतं, आम्ही स्वतः जाऊन बघितलं. आप्पांनी ती लिहिली आणि शेवटी 'खोटं' हा शब्द ठेवायचा का 'चुकीचं' लिहायचं, ह्यावर अर्धा तास विचार करून 'खोटं' ठेवला. चौथ्या दिवशी टँकर वस्तीवर गेला. गावचे काही जण आमच्यावर चिडले, पेपर बंद करतो म्हणाले, दोघांनी केलाही. आम्ही नियम मोडून टाकला. शिक्का असो नसो, कार्ड आलं की आमचा कोणी तरी माणूस जाऊन बघून यायचा. पुष्कळदा मीच.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं, त्या सुनेला भेटायला हवं. माफी मागायला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर तिनं मला बरं म्हणावं, असंही मनात होतं. डाळमिलचं नाव म्हातारीनं सांगितलं होतं. बातमीचा पेपर घेऊन दुपारी गेले. आवारात तुरीच्या टरफलांचा धुरळा नुसता, बायका ओळीनं चाळण्या घेऊन बसलेल्या. मुकादमानं हाक मारली तशी एक उठून आली, पदरानं तोंड पुसत. माझ्यापेक्षा लहान होती. ह्या पोरीला मी महिनाभर निगरगट्ट गडी समजत होते.

मी कोण ते सांगितलं. पेपर पुढं केला. तिनं तो नीट वाचला, घाई न करता, ओठ हलवत. "बरं झालं," ती म्हणाली. "सासूचा निरोप आलाय, टँकर येऊन राहिला म्हणून." तिनं मला बस म्हणलं नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

मग तीच म्हणाली, "ताई, एक इचारू का?"

"विचार की."

"कार्डं पोचली होती का?"

टपालाचं काय खरं असतंय, हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. तेवढं म्हणलं असतं तर सुटले असते. मी म्हणलं, "पोचली होती."

"किती?"

"अकरा."

तिनं मनातल्या मनात मोजलं असावं. "समदीच की मग," ती म्हणाली. मी पुढं काही तरी सांगायला लागले, शिक्क्याचं, नियमाचं, माझ्या चुकीचं. ती ऐकत नव्हती. मागं वळून चाळणीवर बसलेल्या एका बाईला ती म्हणाली, "काकू, ऐकलं का? पोस्टमन कार्डं टाकत होता. समदी पोचली होती."

त्या बाईची चाळणी थांबली. "आपला?"

"आपलाच." सून माझ्याकडं वळली आणि कोणाला तरी सांगायलाच हवं म्हणून सांगावं तसं म्हणाली, "माझाच चुलत दीर हाय तो. वस्तीवरचाच. आमाला वाटलं सरपंचाला फितूर झाला आन कार्डं फाडून टाकतो. उन्हाळाभर कुणी बोललं न्हाई त्याच्याशी. त्याच्या घरच्यांला झिऱ्यावर येऊ दिलं न्हाई. सगळ्यात आधी त्याचंच घर गेलं वस्तीवरून."

 

"लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं त्यानं," ती काकूला म्हणाली. मग तिनं पेपराची घडी केली, माझ्या हातात परत दिली आणि आपल्या जागेवर जाऊन डाळ चाळायला बसली.